जकात कोणाची?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनीच मला आजच्या विषयाच्या वाटेला लावले. साठएक वर्षांपूर्वी येथे हैदराबादेत आमच्या शेजारी अत्तराचे एक व्यापारी राहत. आम्ही त्यांना चाचा म्हणत असू. रमजानात ते वही उघडून म्हणत, ‘जकात काढायची आहे.’ आजोळी सोलापूरला जाताना मी जकातनाका पाहिलेला. चाचांना कोणत्या नाक्यावर पैसे भरावे लागतात, असे मी वर्गात विचारले. मुले हसली, गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, ‘नाका कोठे आहे ते विचारू नकोस. पैसे कोणाला मिळतात ते विचार.’

अरबीत या शब्दाला शुद्धी आणि वृद्धी असे दोन्ही अर्थ आहेत. फारसीमार्गे तो मराठीत आला आणि मालावरील कर झाला. मराठीने देणारा ठेवला, वसूल करणारा ठेवला. घेणारा मात्र वाटेत गळून पडला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची जकातही संपली. आता आपल्याकडे तो अर्थ इतिहासजमा झाला आहे; मूळ अर्थ मात्र चौदाशे वर्षे चालू आहे.

तेथे घेणाराच केंद्रस्थानी आहे. २० मिस्काल सोने किंवा २०० दिरहम चांदी या मर्यादेइतकी वा तिच्याहून अधिक संपत्ती वर्षभर जवळ राहिली, तर तिचा चाळिसावा भाग द्यावयाचा. तो कोणाला, हे कुराणाच्या नवव्या अध्यायातील ६० वी आयत सांगते. फकीर, मिस्कीन, वसुली करणारे, ज्यांची मने जोडून घ्यावयाची ते, मुक्त करावयाचे गुलाम, कर्जबाजारी, ईश्वराच्या मार्गातील कार्य आणि अडलेला वाटसरू, असे हे आठ हक्कदार. ‘फकीर’ म्हटले की आपल्यापुढे झोळी येते. येथे त्याचा अर्थ केवळ गरजवंत. त्याने हात पसरलाच पाहिजे, असे नाही.

वसुली करणाऱ्याला वाटा आहे, पण त्याच्यावर धाकही आहे. एक वसूलदार परतून म्हणाला, ‘एवढे तुमचे, आणि एवढे मला भेट मिळाले.’ त्यावर पैगंबरांनी विचारले, की हा बापाच्या घरी बसून राहिला असता, तर या भेटी आल्या असत्या काय? स्वतःच्या हाशिम कुळालाही त्यांनी जकात वर्ज्य ठरविली. देणाऱ्याने ती आपल्या आईवडिलांना किंवा मुलांना देऊ नये, असाही दंडक आहे; कारण त्यांचे पोषण हे त्याचे कर्तव्यच होय.

यादी ठरलेली असली, तरी तिचे वाचन बदलत गेले. पैगंबरांनंतर उमर यांच्या आग्रहाने मने जोडण्याचा वाटा थांबला. इस्लामला आता त्याची निकड नाही, अशी त्यांची भूमिका होती. हनफी पंडितांनी तो वाटा संपला असे मानले, इतर काहींनी मानले नाही. इ.स. ७९८ मध्ये निवर्तलेल्या अबू यूसुफ यांच्या ‘किताब-अल्-खराज’मध्ये उमर यांचीच आणखी एक कथा आहे. एक वृद्ध, आंधळा यहुदी भीक मागताना त्यांना दिसला. तरुणपणी याच्याकडून कर घ्यावा आणि म्हातारपणी याला वाऱ्यावर सोडावे, हा न्याय नव्हे, असे म्हणून त्यांनी खजिन्यातून त्याची सोय लावली आणि ‘मिस्कीन’ या शब्दात त्यालाही सामावून घेतले. बहुसंख्य धर्मशास्त्रज्ञांनी मात्र जकात मुसलमानांपुरती ठेवली; अन्यधर्मीयांना ऐच्छिक दान द्यावे, असे म्हटले. हा मतभेद लपविण्याचे कारण नाही. हक्कदार कोण, हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला, एवढेच त्यातून दिसते.

पुढे चाचांचे दुकान जळाले आणि डोक्यावर कर्ज चढले. त्या रमजानात त्यांच्या घरी एक पाकीट आले. आणणाऱ्याने ‘जकात’ हा शब्द उच्चारला नाही. हनफी मतानुसार तो उच्चारण्याची गरजही नसते. चाचांना मात्र उमगले. त्यांच्या मुलाने पुष्कळ वर्षांनी मला सांगितले, की ते पाकीट हातात धरून शांतपणे म्हणाले होते, ‘आजवर आपण यादीबाहेर होतो, यंदा सहाव्या जागी आलो.’

त्या आवाजात लाज नव्हती, असेही मुलगा म्हणाला. गुरुजींनी मला दिलेल्या प्रश्नाचे उत्तर मी पुस्तकांत फार शोधले. ते शेजारच्याच घरात होते.