नागपूरची नादारी-प्रकरणे : शोध, प्राप्ती आणि वाचन

मध्यप्रांत व वऱ्हाड यांच्या आर्थिक इतिहासावर आजवर जे लेखन झाले त्याचा पाया बहुतांशी छापील सरकारी अहवालांचा आहे. जमाबंदीचे अहवाल, १८९६-९७ व १८९९-१९०० या दुष्काळांची कागदपत्रे, १९२९-३० मधील प्रांतिक बँकिंग चौकशी समितीची पाहणी ही साधने मोलाची आहेत यात शंका नाही. परंतु त्यांत कर्जबाजारी माणूस भेटतो तो सरासरीच्या रूपाने. कोणी कोणाकडून, कशाच्या तारणावर पैसा घेतला आणि परतफेडीचा भरवसा नेमका केव्हा संपला, हे अहवाल सांगत नाहीत. इतवारीतील अमुक पेढी बसली असे आपण सहज लिहून जातो; पेढी बसली म्हणजे काय झाले, तिच्याबरोबर आणखी कोण बुडाले, हे पाहावयाचे तर जिल्हा न्यायालयातील नादारी-प्रकरणांचा माग काढावा लागतो. विदर्भाच्या अभ्यासकांनी या साधनाकडे फारसे लक्ष दिलेले नाही, आणि वेळ आपल्या बाजूने नाही. न्यायालयीन कागदांची वर्गवारी करून काही कायम ठेवावयाचे व काही मुदतीनंतर नष्ट करावयाचे ही रीत जुनी आहे. १९१७ च्या अधिनियमाने उच्च न्यायालयांना तसे नियम करण्याचा अधिकार दिला. निकालाचा कागद टिकावा आणि ज्यावरून निकाल झाला ती यादी, ती वही मात्र जावी, असे त्यामुळे सहज घडू शकते.

शोधाचा आरंभ कपाटापासून न करता कायद्यापासून करावा, कारण कागद कोठे असेल हे कायद्यानेच ठरविलेले असते. मुंबई, कलकत्ता व मद्रास या इलाखा-शहरांसाठी १८४८ पासून स्वतंत्र नादारी कायदा होता. त्याची जागा १९०९ च्या अधिनियमाने घेतली आणि तेथील प्रकरणे थेट उच्च न्यायालयात चालत. नागपूर हे मुफसल. मुंबईच्या कागदांवर काम केलेला विद्यार्थी नागपुरात आला म्हणजे प्रथम उच्च न्यायालयाकडे वळतो आणि रिक्त हस्ते परततो, त्याचे कारण हेच. मुफसलासाठी वेगळा असा नादारी अधिनियम १९०७ पर्यंत नव्हता. त्यापूर्वी १८७७ च्या व पुढे १८८२ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील विसावे प्रकरण काय ते होते, आणि त्याचा लाभ हुकूमनाम्याच्या बजावणीत जो पकडला गेला किंवा ज्याच्या मालमत्तेवर जप्तीचा हुकूम झाला त्यालाच मिळे. म्हणून १९०७ पूर्वीचा नादारीचा अर्ज शोधावयाचा तो मूळ दाव्याच्या दरखास्तीजवळ. १९०७ च्या व नंतर १९२० च्या प्रांतिक नादारी अधिनियमाने ही अधिकारिता जिल्हा न्यायालयाकडे दिली आणि दुय्यम न्यायालयांनाही ती देण्याची तरतूद ठेवली. तेव्हापासून ही प्रकरणे दाव्यांच्या नोंदीत न शोधता नादारी-अर्जांच्या स्वतंत्र नोंदीत शोधावयाची.

अधिकारितेचा भूगोलही ध्यानी ठेवावा लागतो. मध्यप्रांत १८६१ मध्ये अस्तित्वात आला. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून निघाला. आरंभीच्या दशकांत डेप्युटी कमिशनर, तहसीलदार हे महसुली अधिकारीच दिवाणी दावेही चालवीत, तेव्हा त्या काळचे कागद न्यायालयाऐवजी जिल्हा कचेरीच्या दप्तरखान्यात निघाले तर नवल मानू नये. अपिले ज्युडिशिअल कमिशनरच्या न्यायालयात जात. ९ जानेवारी १९३६ रोजी नागपूर उच्च न्यायालय स्थापन झाले आणि १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते संपुष्टात आले. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, नागपुरास मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ राहिले आणि महाकोशलासाठी उच्च न्यायालय जबलपूरला बसले. त्यामुळे छिंदवाडा किंवा बालाघाट येथील व्यापाऱ्याचे अपील नागपुरात चालले असले तरी त्याचा माग आज जबलपूरच्या दिशेने घ्यावा लागतो. प्रांताची राजधानी भोपाळला गेली, हीदेखील सचिवालयीन कागदांच्या बाबतीत विसरण्याजोगी गोष्ट नव्हे.

प्रकरणाचा क्रमांक व वर्ष ठाऊक नसता अभिलेख कक्षात जाणे व्यर्थ होय. हा क्रमांक मिळविण्याचा राजमार्ग म्हणजे प्रांताचे राजपत्र. १९२० च्या अधिनियमाच्या ३० व्या कलमान्वये नादार ठरविल्याच्या हुकुमाची जाहिरात राजपत्रात छापणे आवश्यक होते, आणि तीत नादाराचे नाव, पत्ता, वर्णन, हुकुमाची तारीख, मुक्ततेच्या अर्जाची मुदत व न्यायालय इतका मजकूर असे. हुकूम रद्द झाल्यास तीही जाहिरात छापावी लागे. राजपत्राचे अंक क्रमाने चाळणे कंटाळवाणे खरे, पण दहा वर्षांचे अंक चाळणाऱ्यास जिल्हावार नादारांची जी यादी हाती येते ती अन्यत्र तयार मिळणार नाही. नागपुरात विदर्भाच्या कागदपत्रांसाठी राज्य पुराभिलेख विभागाचे कार्यालय आहे. आणि येथे जे अंक तुटक असतील त्यांसाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस संग्रहाची वाट मोकळी आहे, कारण हिंदुस्थानातील प्रांतिक राजपत्रे तेथे मालिकेने ठेवलेली आहेत. १९११ पासूनचा ‘हितवाद’ व १९१४ पासूनचा गोपाळराव ओगले यांचा ‘महाराष्ट्र’ या नागपूरच्या पत्रांतील न्यायालयीन जाहिरातीही पाहाव्यात. अपिलापर्यंत गेलेल्या वादांसाठी ‘नागपूर लॉ रिपोर्ट्स’ व नागपुरातूनच निघणारा ‘ऑल इंडिया रिपोर्टर’ यांची नागपूर-मालिका उपयोगी पडते. मात्र निर्णय-संग्रहांत जी प्रकरणे छापली गेली ती कायद्याच्या गुंत्यामुळे, आर्थिक महत्त्वामुळे नव्हे. केवळ त्यांवरून नादारीचे चित्र रेखाटणे म्हणजे दुर्मिळ रोगांवरून गावाचे आरोग्य ठरविण्यासारखे आहे.

नक्कल मिळविण्याविषयी थोडेसे. अर्जात न्यायालय, प्रकरणाचा क्रमांक व वर्ष, पक्षकारांची नावे आणि नेमका कोणता कागद हवा हे लिहावे. ‘सर्व कागद’ असे लिहिलेला अर्ज बहुधा परत येतो. अर्जदार पक्षकार नसल्याने प्रयोजन सांगावे लागते. ते प्रतिज्ञापत्रावर सांगावे आणि विभागप्रमुखांचे पत्र जोडावे. निशाणी म्हणून दाखल झालेले खाजगी कागद, विशेषतः वह्या, प्रकरण संपल्यावर मालकास परत दिले जाण्याचा संभव असतो, तेव्हा त्या न सापडल्या म्हणजे नष्टच झाल्या असे समजू नये. माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करून हे काम साधेल अशी अनेकांची समजूत आहे. परंतु गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी स्पष्ट केले की, न्यायालयीन अभिलेखाच्या नकला त्या त्या उच्च न्यायालयाच्या नियमांनुसारच मागितल्या पाहिजेत. अलीकडच्या काळाच्या अभ्यासकाने एवढे लक्षात घ्यावे की, २०१६ च्या संहितेने कंपन्यांची प्रकरणे कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे गेली आणि नागपूरच्या कंपन्यांची सुनावणी मुंबईस होते. जुन्या प्रांतिक अधिनियमाखालीही नोंदलेल्या कंपनीविरुद्ध नादारीचा अर्ज करता येत नसे. गिरणी-कंपनी बुडाली तर तिचे कागद समापनाच्या प्रकरणात, म्हणजे निराळ्याच कपाटात.

आता प्रत्यक्ष प्रकरणात काय असते ते पाहू. ऋणकोच्या अर्जात त्याचे राहण्याचे व धंद्याचे ठिकाण, प्रत्येक देण्याची रक्कम व तपशील, धनकोंची नावे व पत्ते, आणि स्वतःच्या सर्व मालमत्तेचा तपशील देणे कायद्याने बंधनकारक होते. त्यानंतर धनकोंनी आपापले येणे सिद्ध केले म्हणजे न्यायालय धनकोंची अनुसूची तयार करी. एखाद्या कापूस-व्यापाऱ्याच्या प्रकरणात ही अनुसूची शाबूत मिळाली तर त्या शहराच्या पतव्यवहाराचा छेदच आपल्या हाती येतो : मोठी पेढी कोणती, जातभाईंचे पैसे किती, नातलग विधवेची ठेव किती, नोकराचा पगार किती थकला. नोकर व मजूर यांच्या चार महिन्यांच्या थकलेल्या वेतनास अग्रक्रम होता, पण तो माणशी वीस रुपयांपर्यंतच. ही वीस रुपयांची मर्यादा वेतनाच्या इतिहासाच्या अभ्यासकाने जरूर टिपून ठेवावी. रिसीव्हरचे अहवाल, लिलावाच्या किमती, घरातील भांड्याकुंड्यांची यादी यांचे मोल वेगळे सांगावयास नको. वह्यांची भाषा व लिपी हा एक स्वतंत्र अडथळा आहे. मोडी येणाऱ्यासही मारवाडी पेढ्यांची मुडिया वाचता येईलच असे नाही.

एकत्र कुटुंबाचा प्रश्न येथे पदोपदी भेटतो. पिता नादार ठरला तर पुत्रांच्या हिश्शाचे काय, यावर उच्च न्यायालयांत व प्रिव्ही कौन्सिलमध्ये दीर्घकाळ खल चालला आणि १९४८ च्या दुरुस्तीने २८-अ हे कलम घालून तो मिटविण्यात आला. या वादामुळे प्रकरणांत वंशावळी, वाटणीपत्रे, जन्मतारखांचे पुरावे दाखल होत. घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यास इतकी शपथेवरची सामग्री अन्यत्र क्वचितच मिळेल.

मात्र शपथेवरची सामग्री म्हणजे सत्य सामग्री नव्हे. अर्ज करणाऱ्या ऋणकोचा हेतू पुष्कळदा अटक टाळण्याचा असे, आणि त्याच्या अर्जावर प्रथमदर्शनी पुरावा पुरेसा मानला जाई. मालमत्ता कमी दाखविणे, मेहुण्याच्या नावे खोटे कर्ज उभे करणे, घर पत्नीच्या नावे करून देणे हे प्रकार इतके संभाव्य होते की, दोन वर्षांच्या आतील हस्तांतरणे व तीन महिन्यांच्या आतील पक्षपाती फेड रद्द करण्याची कलमेच अधिनियमात होती. म्हणून अर्ज एकटा वाचू नये. धनकोंच्या हरकती आणि रिसीव्हरचा अहवाल त्यासमोर ठेवून वाचावा.

सर्वांत फसवा शब्द ‘रद्द’ हा होय. नादारीचा हुकूम रद्द झाला असे वाचून मनुष्य सुटला, त्याची पत शाबूत राहिली, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. पण रद्द होण्याची कारणे अगदी भिन्न होती. मुळात हुकूम व्हावयासच नको होता किंवा सर्व कर्ज फिटले, हे एक. धनकोंशी तडजोड होऊन ती न्यायालयाने मान्य केली, हे दुसरे. आणि ठरलेल्या मुदतीत नादाराने मुक्ततेचा अर्जच केला नाही, हे तिसरे. १९२० च्या अधिनियमाने ही मुदत प्रत्येक हुकुमात घालावयास लावली, त्यामुळे त्या वर्षानंतर तिसऱ्या प्रकारचे ‘रद्द’ वाढणे स्वाभाविक होते. अशा प्रकरणातील मनुष्य कर्जमुक्त झालेला नसून पुन्हा धनकोंच्या तोंडी दिला गेलेला असे. मुद्रित वार्षिक दिवाणी अहवालांतील आकड्यांवरून जो मंदीचा किंवा सुबत्तेचा आलेख काढील त्याने या तीन कारणांची विभागणी आधी केली पाहिजे.

१९२९ नंतरच्या मंदीचा अभ्यास करणाऱ्यास आणखी एक जोड द्यावी लागेल. मध्यप्रांताने १९३३ मध्ये कर्ज-समझोता अधिनियम केला व मंडळे नेमली. १९३९ मध्ये कर्जनिवारणाचा अधिनियम आला. शेतकऱ्यास व मालगुजारास त्यामुळे न्यायालयाबाहेरची वाट मिळाली. या वर्षांत नादारीचे अर्ज घटलेले दिसले तर कर्ज घटले असे न समजता ते मंडळांच्या कागदांत गेले काय हे तपासावे. एकाच घराण्याचे नाव मंडळाच्या समझोत्यात, नंतर दरखास्तीत आणि अखेर राजपत्राच्या जाहिरातीत सापडते का, हे एखाद्या तहसिलीपुरते पाहिले तरी प्रबंधास पुरेल इतका विषय त्यात आहे. आरंभासाठी कापसाची मोठी बाजारपेठ असलेले हिंगणघाट योग्य ठरेल.