जेएल-24: जळगावच्या शेंगेची गोष्ट

मृग जवळ आला की आमच्या घरी दोन तऱ्हेचं बियाणं दिसायचं. माळ्यावर आजीने राखलेलं शेंगांचं पोतं आणि बाबांनी धुळ्याहून आणलेली कपाशीची पाकिटं. मला प्रश्न पडायचा, शेंगा घरच्या चालतात, मग कपाशी दरवर्षी विकत का?

त्या शेंगा होत्या जेएल-24, म्हणजेच 'फुले प्रगती'. जेएल म्हणजे जळगाव. राहुरी कृषी विद्यापीठाच्या जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्राने 1970 च्या दशकाच्या अखेरीस हा वाण दिला. साधारण तीन-सव्वातीन महिन्यांत तयार होणारा, कमी पावसाच्या खान्देशाला सोयीचा. पुढे तो देशभर गेला. आफ्रिकेतल्या मलावीत तो 'काकोमा' नावाने लावतात!

भुईमुगाचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं. त्यामुळे घरचं बी पेरलं तरी वाण तोच राहतो. पण शेतकरी बी राखतो म्हटल्यावर कंपनीने दरवर्षी विकायचं काय? असं काम बहुतेक सरकारी केंद्रांकडेच राहिलं.

कपाशीचं उलट झालं. जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस, एच-4, सुरतच्या सरकारी केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी 1970 मध्ये दिला. म्हणजे संकराची वाटही सरकारी केंद्रानेच दाखवली. पण संकरित बी पुन्हा पेरलं की पीक एकसारखं येत नाही, म्हणून दरवर्षी नवं घ्यावं लागतं. इथे कंपन्यांना बाजार मिळाला. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि आपल्याकडे ती मुख्यतः संकरित वाणांतच आली.

बीटीने सुरुवातीला बोंडअळी आवरली, हे खरं. पण गुलाबी बोंडअळी त्या विषाला सरावली आणि 2017 मध्ये राज्यभर कपाशीचं मोठं नुकसान झालं. त्यात पाऊस दडी मारतो तेव्हा दुबार पेरणीसाठी पुन्हा पाकिटं घ्यायची, तीही उधारीवर. बाबांचा तो हिशोब मी वहीत पाहिलाय.

म्हणून मला 'सरकारी चांगलं, खाजगी वाईट' असं म्हणायचं नाही. ज्या बियाण्यात दरवर्षीची विक्री आहे, तिथे कंपनी येईलच. पण जे बी शेतकऱ्याने एकदा घेऊन राखायचं, त्याच्यावर संशोधन कोण करणार? त्याला सरकारचाच पैसा लागतो. बी राखण्याचा, अदलाबदल करण्याचा हक्क 2001 च्या कायद्याने दिलाय. पण राखण्याजोगं बी तयारच झालं नाही, तर तो हक्क घेऊन करायचं काय?

आज घरी आजी-आजोबांना एवढंच विचारा: तुम्ही कुठलं बी राखायचात? उत्तर आम्हाला नक्की कळवा.