अडून बसलेला सर्व्हर

सातारा-सांगलीकरांना वाटणीचा इतिहास नवा नाही. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिण सातारा पुढे १९६० मध्ये सांगली झाला. नकाशावर रेघ पडली, पण कृष्णा दोन्हीकडे वाहत राहिली. आजची गोष्ट अशा वाटणीची आहे, जिच्यात पाणी एकाच बाजूला राहिलं.

एका मोठ्या यंत्राचे भाग पाडून प्रत्येकात वेगळा सर्व्हर चालवायचा, हे सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन. तिथं एक तक्रार वर्षानुवर्षं असायची: टॉमकॅट सुरू केला की कित्येक मिनिटं नुसता बसून राहतो. लॉगमध्ये एरर नाही, प्रोसेसर रिकामा, मेमरी भरपूर. मग अडतंय कुठं?

सुरक्षित सेशनसाठी त्याला कुणालाही ओळखता न येणारे आकडे लागतात. लिनक्समध्ये ही सोय थिओडोर त्सो यांनी १९९४ मध्ये केली. कळ दाबली, माउस हलला, डिस्क चालली, की त्या क्षणांच्या बारीक फरकांतून कर्नल रँडमपणा साठवतो. साठा संपला, की 'डेव्ह रँडम' मागणाऱ्याला थांबवून ठेवायचा. भाड्याच्या व्हर्च्युअल सर्व्हरला ना कीबोर्ड, ना माउस. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

लोकांनी तोडगा काढला. जावाला 'यूरँडम' हा न थांबणारा झरा दाखवला, आणि सर्व्हर झटकन उठला. बराच वेळ चालू असलेल्या यंत्रावर ते ठीकच. पण नुकत्याच बूट झालेल्या यंत्रात साठा नसतानाही तो आकडे देत राहायचा. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरच्या किल्ल्या तपासल्या, तेव्हा हजारो उपकरणांच्या खासगी किल्ल्या चक्क गणितानं निघाल्या. त्यांत राउटरसारखी छोटी उपकरणंच जास्त. म्हणजे बघा, अडून बसणं हा निव्वळ दोष नव्हता, ती खबरदारी होती.

खरा उपाय कालवा खणण्याचा. २००८ मध्ये लिनक्समध्ये आलेला 'व्हर्टआयओ आरएनजी' मूळ यंत्राकडचा रँडमपणा आतल्या यंत्रापर्यंत पोचवतो. २०१४ मध्ये 'गेटरँडम' आलं. ते फक्त पहिला साठा भरेपर्यंत थांबवतं. तरी २०१९ मध्ये गंमत झालीच: फाइल सिस्टिम सुधारली, डिस्कच्या फेऱ्या कमी झाल्या आणि काही यंत्रं बूटच होईनात! अखेर २०२० च्या ५.६ कर्नलपासून 'डेव्ह रँडम'ही एकदा साठा भरल्यावर अडत नाही.

तेव्हा जुना सर्व्हर अडला, तर लगेच रीस्टार्ट मारू नका. थ्रेड डंप काढा. त्यात 'सिक्युअर रँडम' दिसलं, तर आधी कालवा पोचलाय का ते बघा. थांबलेला प्रत्येक जण आळशी नसतो.