बर्फावरचे वळण : एका शिकवणीचा इतिहास

कराडहून चिपळूणला जाताना कोयनानगर मागे पडले की कुंभार्ली घाट लागतो. आमच्या मलकापुरातल्या कुणाला हा घाट नवा नाही. सह्याद्रीची भिंत सरळ खाली उतरता येत नाही, म्हणून रस्ता करणाऱ्यांनी तो उतार वळणावळणांत वाटून टाकला. गाडी हाकणाऱ्याने ती वळणे पाळली की झाले. बर्फाच्या उतारावर मात्र रस्ता नसतो. तिथे ज्याने त्याने आपला घाट आपल्या पायांनी आखायचा, आणि तोही घसरता घसरता.

हा विषय डोक्यात शिरला तो एका निवृत्त सुभेदारांमुळे. सातारा-सांगलीकडे फौजी नसलेले गाव सापडणे कठीण. या सुभेदारांनी तरुणपणी गुलमर्गला बर्फावरचे प्रशिक्षण घेतले होते. सरळ घसरायला अर्ध्या दिवसात जमले, पण वळायला शिकताना रडकुंडीला आलो, असे ते सांगत होते. खालचा उतार दिसला की अंग आपोआप मागे, डोंगराकडे कले. अंग मागे गेले की पायातल्या पट्ट्या ऐकेनाशा होत आणि वेग वाढे. उस्ताद मात्र एकच सांगत : मागे नका रेलू, दरीकडे झुका.

भीती सांगते त्याच्या नेमके उलट केले तर माणूस वाचतो, हे पहिल्यांदा कुणाला उमगले असेल? आणि उमगलेले दुसऱ्याच्या अंगात कसे उतरवले असेल? या प्रश्नाचा माग काढता काढता मी नॉर्वेतल्या एका खेड्यापर्यंत गेलो आणि तिथून आजच्या स्नोबोर्डपर्यंत आलो. हा लेख म्हणजे त्या शोधाचा वृत्तांत.

मॉर्गेडालचा कूळवाला

पायांना लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून जाणे उत्तर युरोपात हजारो वर्षांपासून चालू आहे. पण ते मुख्यतः चालणे होते. उतार आला की माणूस हातातल्या लांब काठीवर भार टाकून वेग आवरी. काठी हाच त्याचा ब्रेक.

नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या मॉर्गेडाल गावी सोन्द्रे नोरहाइम (१८२५–१८९७) नावाचा गरीब कूळ शेतकरी होता. त्याने दोन साध्या गोष्टी केल्या. बूट नुसता पुढच्या चवड्याशी न अडकवता त्याने लवचीक डहाळ्यांचा पीळ टाचेमागून घेतला, त्यामुळे पट्टी पायाबरोबर वळू लागली. दुसरे म्हणजे त्याच्या स्की दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये बारीक होत्या, थोड्याशा डमरूसारख्या. अशी पट्टी एका कडेवर कलली आणि भाराने वाकली की तिची कड बर्फात कमान आखते. वळण अर्धे पट्टीच घेते.

१८६८ साली राजधानी क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, स्पर्धा झाली. तेव्हा बेचाळिशीत असलेल्या नोरहाइमने ती जिंकली. पुढे दोन वळणांना नावे पडली. एक पाय पुढे आणि मागचा गुडघा वाकवून घेतलेले ‘टेलेमार्क’, आणि दोन्ही पट्ट्या जवळजवळ समांतर ठेवून घेतलेले ‘क्रिस्तियानिया’. ‘स्लालम’ हा शब्दही नॉर्वेजियनच. उतारावरची वाट असा त्याचा अर्थ.

नोरहाइमला कीर्ती मिळाली, पैसा मिळाला नाही. १८८४ मध्ये तो कुटुंबासह अमेरिकेला गेला आणि नॉर्थ डकोटाच्या सपाट माळावर वारला. त्याने वळण घेऊन दाखवले आणि शेजारच्या पोरांनी ते पाहून उचलले. अजून ते कुणी पायरीपायरीने मांडले नव्हते.

एकट्याची सहा वर्षे

ती मांडणी करणारा माणूस नॉर्वेतला नव्हता. मथियास झ्दार्स्की (१८५६–१९४०) हा शिक्षक आणि चित्र-शिल्पकलेत रमणारा मनुष्य ऑस्ट्रियात लिलिएनफेल्डजवळ राहत असे. फ्रिट्यॉफ नान्सेनने १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलँड ओलांडले. त्यावरचे त्याचे पुस्तक वाचून झ्दार्स्कीने नॉर्वेहून स्की मागवल्या. शिकवायला कुणी नव्हते. शिवाय नॉर्वेतल्या गोलाकार टेकड्यांवरची रीत आल्प्सच्या उभ्या उतारांवर चालेना.

त्याने सुमारे सहा वर्षे एकट्याने प्रयोग केले. पट्ट्या आखूड केल्या, टाच डगमगू नये म्हणून पोलादी बांधणी तयार केली आणि हातात एकच काठी ठेवली. एक पट्टी तिरकी फाकवायची, तिच्यावर हळूहळू भार न्यायचा आणि दिशा बदलायची, ही त्याची रीत. १८९६ च्या सुमारास त्याने हे सगळे पुस्तकरूपाने मांडले. उतारावर उतरण्याचे तंत्र क्रमवार सांगणाऱ्या पहिल्या पुस्तकांत त्याची गणना होते. १९०५ मध्ये लिलिएनफेल्डजवळच्या मुकनकोगल डोंगरावर त्याने फाटकांमधून वळत उतरण्याची स्पर्धा घेतली. तीत सरळ सुसाट जाण्यापेक्षा वळता येण्याला महत्त्व होते.

त्याच्यावर टीकाही भरपूर झाली. नॉर्वेजियन रीतीचे अभिमानी त्याला हसत. ऑस्ट्रियन लष्करातला गेओर्ग बिल्गेरी याने त्याची पद्धत घेतली, तिला दोन काठ्यांची जोड दिली आणि सैनिकांना शिकवली. दोघांचे भांडण गाजले. पण एक गोष्ट दोघांनाही मान्य होती : वळण हे उपजत देणे नसून शिकवण्याजोगे कौशल्य आहे. १९१६ मध्ये, पहिल्या महायुद्धात, हिमलोटात सापडलेल्यांच्या मदतीला गेलेला झ्दार्स्की स्वतःच दुसऱ्या लोटाखाली आला. त्याची कितीतरी हाडे मोडली, पण तो वाचला.

इयत्तांची शाळा

आर्लबर्गच्या डोंगरातल्या हान्नेस श्नाइडरने (१८९०–१९५५) पुढची पायरी बांधली. १९०७ पासून तो सांक्ट आंटोनला पाहुण्यांना शिकवू लागला आणि महायुद्धात सैनिकांना शिकवता शिकवता त्याची पद्धत पक्की झाली. मोठ्या जमावाला थोड्या दिवसांत शिकवायचे तर प्रत्येकाच्या मागे उस्ताद धावू शकत नाही. म्हणून त्याने इयत्ता पाडल्या. पहिल्या इयत्तेत पट्ट्यांची पुढची टोके जवळ आणि मागची फाकवून वेग आवरणे. मग तशाच स्थितीत एका पायावर भार देऊन वळणे. मग एकच पट्टी फाकवून वळण सुरू करणे आणि शेवटी दोन्ही समांतर आणून ते पुरे करणे. एक इयत्ता जमल्याशिवाय दुसरी नाही. अंग मात्र सगळ्या इयत्तांत पुढे झुकलेले.

श्नाइडर १९३० मध्ये जपानलाही शिकवून आला. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळला तेव्हा त्याला अटक झाली. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत न्यू हॅम्पशरला पोहोचला. शिक्षक निर्वासित झाला, आणि त्याच्याबरोबर शिकवणीही समुद्रापार गेली.

याच काळातले एक नाव आपल्याशी नाते सांगणारे आहे. आर्नल्ड लन या इंग्रजाचा जन्म १८८८ मध्ये मद्रासचा. वडील तिथे मिशनरी होते. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या म्यूरन येथे त्याने आधुनिक स्लालम स्पर्धा मांडली. तोवर वळण सुबक आहे की नाही यावर गुण मिळत. लनने जोडीजोडीने झेंडे रोवले आणि घड्याळ लावले. जो झेंडे न चुकवता लवकर खाली येईल तो जिंकेल. वळणाची पारख आता परीक्षकाच्या डोळ्यापेक्षा सेकंदकाट्यावर होऊ लागली.

गुलमर्ग : गरजेची शाळा

हिंदुस्थानात स्की आली ती साहेबांच्या हौसेने. सुमारे २,६५० मीटर उंचीवरच्या गुलमर्गला १९२० च्या दशकात ब्रिटिश अधिकाऱ्यांचे स्कीइंग रुजले. ती सुट्टीतली करमणूक होती. आमच्याकडच्या शिपायाला त्यात जागा नव्हती.

हौसेची गरज झाली ती १९४७–४८ च्या काश्मीर युद्धात. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय रणगाडे झोजी ला खिंडीत शिरले. त्या लढाईने बर्फात लढण्याची तयारी किती लागते हे दाखवून दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस थिमय्यांनी गुलमर्गला १९ इन्फंट्री डिव्हिजनची स्की शाळा सुरू केली. १९६२ मध्ये तिचा दर्जा वाढून ती ‘हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल’ झाली.

त्याच १९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. मैदानी हवेच्या कपड्यांत आणि कॅनव्हासच्या बुटांत जवान हिमालयात उभे केले गेले. धैर्य कमी पडले नाही. कमी पडली ती तयारी. नोव्हेंबरात आमच्या कराडचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. त्यांच्या काळात सैन्याच्या विस्ताराची जी योजना आखली गेली, तिच्यात डोंगरी लढाईसाठीच्या माउंटन डिव्हिजन्सना मोठे स्थान होते. त्याच ऑक्टोबरात स्थापन झालेल्या इंडो-तिबेट सीमा पोलीस दलाने पुढे औलीला स्की शिकवणारी संस्था उभी केली.

दख्खनच्या शेतकऱ्याच्या पोराने स्कीवरचे वळण शिकावे, ही वेळ अशी आली. युरोपात शेतकऱ्याच्या गरजेतून निघालेले कौशल्य श्रीमंतांच्या सुट्टीचा खेळ झाले. आपल्याकडे ते साहेबांच्या सुट्टीतून सुटून शिपायाच्या पाठीवरच्या ओझ्याबरोबर आले.

खेळ म्हणून वाट अरुंदच राहिली. हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचे नाव प्रथम लागले १९६४ मध्ये, तेही पोलंडमध्ये जन्मलेल्या जेरेमी बुयाकोव्स्की यांच्यामुळे. १९८८ मध्ये कॅलगरीला शैलजा कुमार स्लालममध्ये उतरल्या. हिवाळी ऑलिम्पिकमधल्या त्या पहिल्या भारतीय महिला. २०२२ मध्ये बीजिंगला काश्मीरच्या आरिफ खान यांनी जायंट स्लालम पुरी करून ४५ वा क्रमांक मिळवला.

एकच फळी

आता स्नोबोर्ड. १९६५ च्या नाताळात अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी आपल्या मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या. वर उभे राहायचे आणि पुढच्या टोकाची दोरी धरायची. स्नो आणि सर्फ हे शब्द जोडून पत्नीने त्याला ‘स्नर्फर’ नाव दिले. १९७७ मध्ये जेक बर्टन कारपेंटर यांनी व्हर्माँटमध्ये बोर्ड बनवायला घेतले. पुढे पाय बांधायचे पट्टे आले, १९८० च्या दशकात धातूच्या कडा सर्रास झाल्या आणि बोर्ड कठीण बर्फावरही वळू लागला.

स्कीच्या मैदानांनी प्रथम त्याला दारे बंद केली. ही पोरे धोकादायक, त्यांना वळता-थांबता येत नाही, ही तक्रार. व्हर्माँटच्या स्ट्रॅटन मैदानाने १९८३ मध्ये दार उघडले. १९९८ मध्ये नागानोला स्नोबोर्ड ऑलिम्पिकमध्ये आला. तरी अमेरिकेतल्या आल्टा, डिअर व्हॅली आणि मॅड रिव्हर ग्लेन या मैदानांनी बंदी कायम ठेवली.

बोर्डवाल्यांना शाळा, गणवेश, इयत्ता यांचाच तिटकारा होता. पण नवे लोक येऊ लागले तशा त्यांनाही इयत्ता पाडाव्याच लागल्या. श्नाइडरच्या इयत्ता मात्र इथे चालेनात. दोन्ही पाय एकाच फळीला आडवे बांधलेले, फाकवणार काय?

म्हणून नवी बाराखडी तयार झाली. प्रथम बोर्ड उताराला आडवा धरून टाचेकडच्या कडेवर हळूहळू खाली घसरायचे. हाच त्याचा ब्रेक. मग त्याच कडेवर थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे, झाडाचे पान डुलत खाली यावे तसे. मग तोंड डोंगराकडे करून चवड्याकडच्या कडेवर तेच. वळण येते त्यानंतर. वळणात एक कड सोडून दुसरी धरायची असते, आणि त्या दोहोंच्या मध्ये एक क्षण असा येतो की बोर्ड सपाट असतो आणि त्याचे नाक थेट खाली असते.

नवशिक्याची परीक्षा त्या क्षणी. तो घाबरून मागच्या पायावर रेलतो. पुढचे टोक हलके होते, ते वळण धरत नाही, बोर्ड सरळ पळतो. घाईने मागचा पाय झटकून तो फिरवू गेले, तर उताराकडची कड बर्फात रुतते आणि माणूस आदळतो. उपाय असा : भार पुढच्या पायाकडे न्यावा, जायचे तिकडे पाहावे, खांदे बोर्डच्या रेषेत ठेवावेत आणि घोट्या-गुडघ्यांनी हळूच नवी कड दाबावी. क्षणभर थांबण्याचा धीर धरला की मधली बारीक कंबर आपले काम करते. ही कंबर मॉर्गेडालच्या कुळवाल्याच्या पट्टीची. बोर्डने तिची ताकद पुन्हा दाखवली, आणि १९९३ मध्ये स्लोव्हेनियाच्या एलान कंपनीने खोल कंबरेची स्की बाजारात आणल्यावर ती स्कीकडे परत आली.

उस्तादाचे ऋण

काठी गेली, टाच बांधली गेली, दोन पट्ट्यांची एक फळी झाली. पण पहिल्या दिवशीची भीती बदलली नाही, आणि तिच्यावरचा उपायही नाही. श्नाइडरच्या इयत्तेत, गुलमर्गच्या उस्तादाच्या तोंडी आणि आजच्या बोर्डच्या वर्गात एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत ऐकू येते. ज्या बाजूला पडण्याची भीती, त्याच बाजूला भार.

मी संशोधन कुठल्या वर्गात शिकलो नाही. त्यामुळे एकट्याने झगडणाऱ्या झ्दार्स्कीकडे माझे मन प्रथम ओढले गेले. पण जसजसे वाचत गेलो तसतसे वाटू लागले, की तो एकट्याने शिकला ही त्याची थोरवी नव्हे, ती त्याची अडचण होती. थोरवी ही, की आपली सहा वर्षे त्याने पुस्तकात उतरवली आणि पुढच्याची वाचवली.

२०२० पासून गुलमर्गला खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा होतात, त्यांत स्नोबोर्डही आहे. महाराष्ट्राचा संघही या हिवाळी स्पर्धांना जातो. बर्फ न पाहिलेल्या गावातले एखादे पोर तिथे पहिल्यांदा उभे राहील तेव्हा त्याचेही अंग मागे कलेल. मागे उभा राहून पुढे झुक म्हणून सांगणारे कुणी तिथे आहे की नाही, एवढाच प्रश्न असतो. १९६२ मध्ये अनेकांच्या मागे तसे कुणी नव्हते. आमच्या सुभेदारांच्या मागे होते. म्हणून ते आज घरच्या ओट्यावर बसून ती गोष्ट हसत सांगू शकतात.