तापाची नोंद

लसीकरणाचे जुने सरकारी अहवाल पाहिले की त्यात दोन आकडे ठळक दिसतात: किती जणांना टोचले आणि किती जणांना 'लागली'. देवीची लस 'लागली' म्हणजे काय? तर टोचल्या जागी फोड उठला, त्यात पू धरला, अंग तापले, खपली धरली आणि पडली. म्हणजे आमच्या दादी-नानी ज्याला दुखणे म्हणत, त्यालाच कचेरीत यश म्हणत. फोड एकच, पण घरात तो एका नावाने ओळखला जाई आणि दप्तरात दुसऱ्या. लसीविषयीच्या भीतीचे मूळ धर्मात किंवा अडाणीपणात शोधण्याची सवय आपल्याकडे पडली आहे. आम्हाला वाटते, ते आधी इथे शोधावे.

आमचे सिरोंचा प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळचे गाव. १८६० पर्यंत हा मुलूख निजामाचा. त्या वर्षीच्या तहाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके इंग्रजांकडे गेले आणि सिरोंचा 'अप्पर गोदावरी' जिल्ह्याचे ठाणे झाले. गोदावरीतून आगबोटी चालवून समुद्रापर्यंत मालाची ने-आण करण्याचे बेत त्या काळात रंगले होते. ते बेत बारगळले आणि १८७४ मध्ये जिल्हाही मोडला. सिरोंचा चांद्याची तहसील झाली, १९८२ पासून गडचिरोलीची. राज्ये बदलली तरी भाषा कुठे गेल्या नाहीत. घरात दखनी, बाजारात तेलुगू, शाळेत आणि कचेरीत मराठी, जंगलात गोंडी-माडिया. लसीलाही इथे तितकीच नावे. शाळा शिकलेले लस म्हणतात, मोहल्ल्यात टीका म्हणतात, तेलुगू शेजारी सुईवरून 'सूदी' म्हणतात, आणि म्हाताऱ्या बायका अजूनही 'देवी काढली' असेच म्हणतात. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ च्या मे महिन्यात सापडला, त्याला पन्नास वर्षे झाली. रोग गेला, शब्द राहिला आणि दंडावरचे वण राहिले.

लसीनंतरच्या त्रासाची नोंद लसीइतकीच जुनी आहे. १४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नरने माळ्याच्या आठ वर्षांच्या मुलाला गायीच्या देवीची लस टोचली. सातव्या दिवशी मुलाची काख दुखू लागली, नवव्या दिवशी त्याला हुडहुडी भरली, भूक गेली, डोके दुखले, रात्र अस्वस्थ गेली. दुसऱ्या दिवशी पोरगा खडखडीत बरा झाला. जेन्नरने हे सारे आपल्या पुस्तकात लिहून ठेवले. पहिल्याच माणसाचा पहिलाच त्रास तारीखवार लिहिला गेला होता, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पुढच्या लाखो लोकांच्या वाट्याला असे कोणी लिहिणारे आले नाही.

ही लस हिंदुस्थानात आली तीही इस्लामी मुलखातून. व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपल, तिथून बगदाद, बसरा आणि मग जहाजाने मुंबई. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती लागली आणि तिच्या दंडातल्या लसीवरून पुढच्या मुलांना टोचले गेले. तेथून ती पुणे, सुरत, हैदराबादेकडे गेली. देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग आहेत हे अल-राझीने हजार वर्षांपूर्वी लिहिले होते. इस्तंबूलच्या बायका मुलांना देवीच्या फोडातला पू टोचून घेत, हे लेडी मेरी माँटेग्यूने १७१७ मध्ये पाहून विलायतेला कळवले होते. तेव्हा 'मुसलमानांना टोचून घेण्याची मुळातच ॲलर्जी आहे' असे जे म्हणतात, त्यांना एवढा इतिहास पुरेसा व्हावा.

पण या 'दंडावरून दंडावर' पद्धतीचे ओझे कोणी उचलले? ज्या मुलाला फोड आला, त्याला आठव्या दिवशी पुन्हा नेऊन त्याचा दुखरा फोड फोडून दुसऱ्यांना टोचायचे. आई कशाला तयार होईल? शिवाय एकाच्या अंगातला रोग दुसऱ्याला जाई, ही भीती खोटी नव्हती. १८६१ साली इटलीतल्या रिव्हाल्टा गावी याच पद्धतीने कितीतरी मुलांना उपदंश झाला. उत्तर हिंदुस्थानात तर अफवा होती की ज्याच्या अंगात पांढरे रक्त आहे असा मुलगा सरकार शोधत आहे, तोच इमाम महदी आणि त्याला मारण्यासाठीच हे टोचणे आहे. हिंदूंमध्ये महदीच्या जागी कल्की आला, एवढाच फरक. अफवेवर हसणे सोपे आहे. टोचणाऱ्याने येऊन पोराला दुखवायचे, फोडातला पांढरा पू काचेत भरून न्यायचा आणि कशासाठी ते सांगायचे नाही, तर लोकांनी कारण स्वतःच शोधले.

पुढे वासराच्या अंगावर तयार केलेली लस आली. ती उन्हात टिकत नसे. सिरोंच्याच्या उन्हाळ्याची कल्पना इथल्यांनाच आहे, म्हणून टोचणारा यायचा तो थंडीत. त्याच्या हातातले हत्यार म्हणजे दातेरी चकती. दंडावर ठेवून ती फिरवायची की कातडे सोलून रक्त येई, आणि हे एकाहून अधिक जागी. आमच्या घरातल्या बड्या अम्मांच्या दंडावर चवलीएवढे वण होते. त्या सांगत की पोरी पलंगाखाली लपायच्या. हात आठवडाभर वर होत नसे, पाणी भरणे बंद, आणि जखमेवर माशी बसू नये म्हणून आई रात्रभर पदराने वारा घालत बसे. दोन टोकांची साधी सुई आपल्याकडे १९६९ च्या सुमारास आली आणि वण लहान झाले. घरात मात्र एक सूत्र तयार झाले होते: 'बुखार आया तो टीका लगा समझो.' कचेरीची व्याख्या लोकांनी अशी स्वतःच्या अनुभवातून गाठली, त्यांना ती कोणी शिकवली नव्हती.

अनुभव उघड सांगितला की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन याने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली, तीही नेहमीच्या मात्रेच्या कितीतरी पट. त्याला ताप भरला, टोचल्या जागी वेदना झाल्या. हे त्याने लपवले नाही. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवक कैद्यांना लस दिली गेली. शहरात तेव्हा घराघरांत शिरून रोगी उचलून नेण्याचे सत्र चालू होते. लोक डॉक्टरला पाहून दारे लावत. अशा वेळी खोजा इस्माईलींचे इमाम आगाखान तिसरे, सुलतान मुहम्मद शाह, पुढे आले. वय अवघे १९. जमातीसमोर त्यांनी स्वतःला टोचून घेतले, तेही एकदा नव्हे, आणि नंतर आपण हिंडत-फिरत आहोत हे लोकांना दिसू दिले. हाफकिनच्या प्रयोगशाळेला त्यांनी आपली 'खुशरू लॉज' ही इमारत दिली. हजारो खोजांनी लस घेतली. आगाखानांचे अनुयायी नसलेल्या आम्हा सुन्नींनाही हे प्रकरण वाचताना एक गोष्ट पटते: त्यांनी फतवा काढून भागवले नाही, दंड पुढे केला.

याच लसीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना प्लेगची लस दिली गेली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले. दोष हाफकिनवर आला, त्याला दूर केले गेले. पुढे निघाले ते असे की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. रोनाल्ड रॉससारख्यांनी बाजू लावून धरली, तेव्हा १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त झाला. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्याचे नाव मिळाले. हाफकिनला न्याय मिळाला याचा आनंदच आहे. मुलकोवालच्या १९ घरांना काय मिळाले, हा प्रश्न मात्र इतिहासकार क्वचितच विचारतात.

मुलकोवाल जुने झाले म्हणावे तर ३१ जानेवारी २०२१ रोजी आमच्याच विदर्भात, यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले वाचली, कर्मचारी निलंबित झाले. तो लसीचा दोष नव्हता, हे आम्हाला समजते. पण ज्या आईने मूल केंद्रावर नेले तिला हा फरक कोणत्या शब्दांत सांगणार?

पोलिओच्या थेंबांवरून मुसलमानांना फार बोल लावले गेले. २००० नंतरच्या वर्षांत उत्तर प्रदेशात आणि आपल्याकडे मालेगावात थेंबांनी मुले वांझ होतात अशी अफवा होती. ती साफ खोटी होती. मशिदींतून आवाहने झाली, उलेमा आणि हकीम घरोघर फिरले, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त ठरला. यात आमच्या समाजाचा वाटा मोठा आहे, तो कोणी सांगत नाही. आणखी एक गोष्ट सांगितली जात नव्हती. तोंडावाटे देण्याच्या थेंबांमुळे सुमारे २७ लाख मात्रांत एखाद्या मुलाला खरोखरच लुळेपणा येऊ शकतो. पोलिओने लुळ्या होणाऱ्या मुलांच्या तुलनेत हे प्रमाण नगण्य. पण खरा धोका इतका लहान असूनही सांगितला नाही, म्हणून त्या रिकाम्या जागेत खोटा धोका येऊन बसला.

आता २०२१. आमच्या भागात करोनाची लस पंचेचाळीस वर्षांवरच्यांना एप्रिलपासून मिळू लागली, आणि एप्रिलच्या मध्यापासून रमजान. पहिला सवाल रोज्याचा होता. लखनौच्या फिरंगी महलच्या दारुल इफ्ताने लसीने रोजा तुटत नाही असे सांगितले होते, तेच मत बहुतेक उलेमांचे. लसीत डुकराचे जिलेटिन आहे का, हा दुसरा सवाल. आपल्याकडच्या कोविशील्ड-कोव्हॅक्सिनमध्ये ते नव्हते. पण तिसरा सवाल फतव्याचा नव्हताच: ताप आला तर? मे महिना म्हणजे तेंदूपत्त्याचा हंगाम. वर्षभराच्या रोख पैशाचे जे काही थोडे दिवस असतात त्यात दोन दिवस अंथरुणावर गेले तर ती मजुरी कोण देणार? जंगलातल्या माणसाने लस टाळली त्याला सरसकट 'अज्ञान' म्हटले गेले. आम्हाला त्यात निम्मा हिशोब दिसतो.

आमच्या घरात पहिली मात्रा चौघांनी एकाच दिवशी घेतली. केंद्रावर गर्दी होती. आधार कार्ड पाहिले, टोचले, पुढचा. रात्री ताप येईल, येतोच, घाबरू नका, एवढे वाक्य कोणी बोलले नाही. मध्यरात्री चौघेही थरथरत होते. हाडे मोडल्यासारखी, दंड दगडासारखा. दुसऱ्या लाटेचे ते दिवस. ताप म्हणजे करोना आणि करोना म्हणजे अहेरीचा शंभरेक किलोमीटरचा रस्ता, असेच डोक्यात. फुफीअम्मांनी सहरी केली नाही. बीमारीत रोजा कजा करता येतो, तरी त्यांना अपराधी वाटत राहिले. छत्तीस तासांत सगळे उठून बसले. तोवर मोहल्ल्यात बातमी गेली होती की 'टीका लगाके पूरा घर गिर गया'. त्या आठवड्यात आमच्या गल्लीतले किती जण लस न घेता राहिले, ते आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले. शरीर जागे होऊन परक्याशी लढण्याची तयारी करते, त्या धामधुमीचा हा ताप, हे आम्ही नंतर दारोदार सांगितले. काहींनी ऐकले.

खरा गंभीर त्रासही झाला, हे त्याच वेळी देशाला माहीत होते. कोविशील्डनंतर रक्ताच्या गुठळ्या होण्याची शंका असलेले २६ रुग्ण, दहा लाख मात्रांमागे ०.६१, असे केंद्राच्या समितीने १७ मे २०२१ रोजी जाहीर केले. डोके न थांबता दुखणे, श्वास लागणे, पाय सुजणे अशी लक्षणे आली तर लगेच दवाखान्यात या, अशी सूचनाही निघाली. ती आमच्याकडे तेलुगूत आली नाही, गोंडीत नाही, दखनीत तर नाहीच. २०२४ मध्ये विलायतेतल्या खटल्यात कंपनीने हा दुर्मीळ परिणाम कबूल केल्याची बातमी मोबाईलवर फिरली, तेव्हा सिरोंच्यातल्या माणसाला तीन वर्षांनी दचकायला झाले. जाहीर असलेली गोष्ट त्याला गुपित फुटल्यासारखी वाटली.

ज्यांचे माणूस गेले त्यांचे काय? विलायतेत लसीने इजा झालेल्यांना भरपाई देण्याचा कायदा १९७९ पासून आहे, अमेरिकेत १९८६ पासून. आपल्याकडे मोहीम सुरू झाली तेव्हा असा कायदा नव्हता. २०२२ च्या नोव्हेंबरात केंद्राने सर्वोच्च न्यायालयाला सांगितले की लस ऐच्छिक होती, सरकार जबाबदार नाही, हवे तर दिवाणी दावा करावा. लशीवाचून दुकान उघडू दिले जात नव्हते, रेल्वेत चढू दिले जात नव्हते, ते दिवस आम्हाला आठवतात. दिवाणी दाव्यासाठी सिरोंच्याच्या मजुराने कोणत्या वकिलाकडे जावे? त्याआधी, २ मे २०२२ च्या निकालात न्यायालयाने एक चांगली गोष्ट म्हटली होती: कोणावर लसीची सक्ती करता येणार नाही, आणि दुष्परिणामांची तक्रार माणसाला स्वतः नोंदवता येईल अशी सोय करा.

बाळांच्या लसीकरणात चार निरोप आईला सांगावेत असा नियम आहे: कोणती लस दिली, पुढे कधी यायचे, काय त्रास होऊ शकतो, कार्ड जपून ठेवा. पेंटाव्हॅलंट मांडीत दिली की बाळ तापते, बीसीजीचा फोड महिन्या-सव्वामहिन्याने उठतो, त्याला काही लावायचे नसते. आमच्या मोहल्ल्यात येणारी आशाताई तेलुगू घरची, पण तिसरा निरोप ती दखनीत देते: "रात कू बुखार आयेगा, डरना नक्को. नै उतरा तो मेरे कू बोलो." आणि दुसऱ्या दिवशी येऊन कोणाचे बाळ तापले, कोणाचे नाही, ते वहीत लिहून नेते.