तोफ नव्हे, गोळा तोला

राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यात गेलं की सगळी गर्दी कलालबांगडी तोफेपाशी जमते. वजन बावीस टन, मारा बारा किलोमीटर, असं गाइड ठणकावून सांगतात. वजनाबद्दल मी वाद घालत नाही. पण जन्मभर पोरांना भौतिकशास्त्र शिकवलेल्या माझ्यासारख्या मास्तराच्या गळी ते बारा किलोमीटर काही उतरत नाहीत.

समजा, गोळा बारा किलोचा आणि सुटतानाचा वेग सेकंदाला ४०० मीटर. निम्मं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, म्हणजे ऊर्जा झाली ९ लाख ६० हजार ज्यूल. दारूच्या वायूचा धक्का बाजूला ठेवला, तर तोफेला तेवढाच संवेग उलट दिशेने मिळतो. पण बावीस टनांचं धूड त्यात सेकंदाला जेमतेम २२ सेंटीमीटरच्या वेगाने मागे रेटलं जातं, आणि त्याच्या वाट्याला सव्वापाचशे ज्यूलही येत नाहीत. तोफेचं वजन कामाचं ते दारूचा दाब सोसायला आणि धक्का पचवायला. तटाला भिडतो तो गोळा.

हवा नसती तर हा गोळा ४५ अंशांत सोळा किलोमीटर गेला असता. हवा आहे, म्हणून किलोमीटरभरातच त्याचा वेग निम्म्यावर आणि ऊर्जा चौथाईवर येते. गोळ्याचा व्यास दुप्पट केला तर वजन आठपट होतं, हवेला अडणारं क्षेत्रफळ मात्र चौपटच. जड गोळा लांब पोचतो तो यामुळे. दगडी गोळा त्याच आकाराच्या लोखंडी गोळ्याच्या निम्म्यानेही भरत नाही, त्यामुळे तो वाटेतच थकतो. धनुष्याचंही तसंच: हलका बाण झटकन सुटतो, पण धनुष्याची जास्त ऊर्जा घेऊन निघतो आणि टिकवतो तो जड बाण.

गोळ्याचा वेग आणि हवेचा अडथळा मोजून दाखवला बेंजामिन रॉबिन्स या इंग्रजाने, १७४२ साली. टांगलेल्या लाकडी ठोकळ्यावर गोळी झाडायची आणि तो किती झुलला यावरून वेग काढायचा. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला वारला.

आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांना मात्र अंतराची किंमत त्याच्या आधीच कळली होती. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला, तेव्हा लगेच जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारचं उंदेरी बेट बळकावलं, कारण तिथून खांदेरी माऱ्यात येत होती. जंजिऱ्यासमोर कांसा बेटावर पद्मदुर्ग उभा राहिला, तरी मधल्या पाण्याने गोळ्यांचा जोर खाल्ला. १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी राजपुरीच्या बाजूने खाडीत भराव घालायला घेतला. तो वेडेपणा होता असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. अंतर तोडल्याशिवाय जंजिऱ्याचा तट पडणार नव्हता. मोगली फौजा कोकणात उतरल्या आणि ते काम अर्धवट राहिलं.

पुढच्या खेपेला जंजिऱ्यात गेलात तर गाइडला तोफेचं वजन विचारू नका. गोळा केवढा होता आणि दारू किती भरत, ते विचारा.