घाट चढून आलेलें पक्वान्न

आपल्या धर्मग्रामाच्या ह्या महोत्सवी स्मरणिकेंत चर्चच्या इमारतीचा, शाळेचा व पूर्वीच्या धर्मगुरूंचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिला आहे. आम्हीं मात्र एका काचेच्या वाडग्याचा इतिहास लिहावयास घेतला आहे. हें वाचून कोणास हंसूं येईल. पण त्यास कारण घडलें तें असें.

उत्सवसमितीच्या सभेंत मेजवानीचे पदार्थ ठरत होते. भात, रस्सा, पोळ्या ह्यांविषयीं दुमत नव्हतें. शेवटीं गोड पदार्थाचा प्रश्न निघाला, तेव्हां कोणी तरी नित्याप्रमाणें 'थरांचें पुडिंग' असें म्हटलें. त्यासरशी एक तरुण सभासद उठून म्हणाले, "फादर, हें साहेबांचें पक्वान्न. रेल्वेच्या बंगल्यांत साहेब तें खात, तेव्हां आमचे पणजोबा बाहेर कंदील धरून उभे असत. आपल्या पंगतींत तें कशाला हवें?" सभा स्तब्ध झाली. बोलणें कडू होतें, पण रागावण्यासारखें नव्हतें. मग मागल्या बांकावरून एक वृद्ध आजी हळूच म्हणाल्या, "बाळा, खाणारा साहेब होता, तें खरें. पण करणारा कोण होता?"

दोघांचेंही म्हणणें विचार करण्याजोगें असल्यामुळें निर्णय पुढल्या सभेवर टाकण्यांत आला, आणि ह्या पदार्थाची हकीकत शोधून काढण्याचें काम आमच्यावर आलें. तीच हकीकत येथें देत आहों.

ज्यांनीं हा पदार्थ पाहिला नसेल त्यांच्याकरितां प्रथम त्याचें स्वरूप सांगतों. खोल काचेच्या भांड्यांत तळाशीं केक किंवा बिस्किटें फळांच्या रसांत भिजवून पसरावयाचीं. त्यावर लाल जेलीचा थर, त्यावर पिवळ्या कस्टर्डचा, त्यावर फळांच्या फोडी, आणि सर्वांवर साय. तें थंड झालें म्हणजे काचेंतून एकेक थर वेगळा दिसतो, आणि मुलें जेवण सोडून त्याकडेच पाहत बसतात. इंग्रजींत ह्यास ट्रायफल म्हणतात. ह्या शब्दाचा अर्थ क्षुल्लक वस्तु असा आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस टॉमस डॉसन ह्यानें ह्या नांवाची जी कृति दिली, तींत थर मुळींच नाहींत. साखर, आलें व गुलाबपाणी घालून ऊन केलेली साय, एवढेंच. हॅना ग्लास ह्या बाईंच्या पाकशास्त्राच्या पुस्तकांत मात्र तळाशीं मद्यांत भिजविलेलीं बिस्किटें, मध्यें कस्टर्ड व वर फेंटलेली साय अशी थरांची रचना आढळते. म्हणजे शिळा, वाळलेला केक फुकट न घालवितां तो गोड करून पाहुण्यांपुढें ठेवण्याची ही गृहिणीची युक्ति होय. उरलेलें अन्न वाया जाऊं नये, ही शिकवण आपणांस शुभवर्तमानांतून ठाऊकच आहे.

पण हा पदार्थ थंड असल्याखेरीज त्यांत राम नाहीं. आपल्या उष्ण देशांत थंडावा कोठून आणावयाचा? अकबर बादशहाच्या दरबारीं पाणी थंड करण्यास सोरा वापरीत, असें 'आईन-इ-अकबरी' ह्या ग्रंथांत नमूद आहे. खरा बर्फ मात्र समुद्रावरून आला. बोस्टन येथील फ्रेडरिक ट्यूडर ह्या व्यापाऱ्यानें गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून जहाजांत भरला व तो लांकडाच्या भुशांत राखून १८३३ सालीं कलकत्त्यास पोंचविला. निघतांना तो सुमारें १८० टन होता. बंदरांत सुमारें १०० टन शिल्लक राहिला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८३४ सालीं, असा बर्फ मुंबईस आला. जमशेटजी जिजीभाई ह्यांनीं तो आपल्या मेजवानींत पाहुण्यांस दिला, आणि त्यानंतर यजमान व पाहुणे सर्दीनें आजारी पडले, अशी त्या वेळची गोष्ट प्रसिद्ध आहे. १८४३ सालीं मुंबईंत वर्गणी जमवून बर्फासाठीं स्वतंत्र कोठार बांधण्यांत आलें.

मुंबईचें हें कौतुक आमच्या मावळापासून फार दूर नव्हतें, पण मध्यें बोरघाट उभा होता. १८३० सालीं घाटांतून गाडीरस्ता खुला झाला. पुढें आगगाडी आली. परंतु १८५८ पासून पांच वर्षें अशी स्थिति होती कीं, मुंबईची गाडी पायथ्याशीं खोपोलीस थांबे, पुण्याची गाडी खंडाळ्याहून सुटे, आणि मधला चढ पालखींतून किंवा रस्त्यानें चढावा लागे. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाटांतील लोहमार्ग खुला झाला. पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढ आणि २५ बोगदे! हें काम ज्यांनीं खडकाशीं झुंजून केलें त्यांपैकीं हजारों मजूर पटकीनें व अपघातांनीं मरण पावले. त्यांचीं नांवें कोणत्याही दगडावर कोरलेलीं आम्हीं पाहिलीं नाहींत. पुढें ह्या मार्गानें लोणावळ्याच्या रेल्वे वसाहतींत जें जें मुंबईहून आलें, मग तो कस्टर्डचा डबा असो कीं बर्फाची लादी, तें त्या मजुरांच्या श्रमांवरून वर चढलें, हें विसरतां कामा नये.

रेल्वेमुळें लोणावळें हें खेडें वाढून गांव झालें. इंजिनांचा कारखाना, रेल्वेची शाळा, सहकारी दुकान, आणि प्रॉटेस्टंट व कॅथॉलिक अशीं दोन प्रार्थनामंदिरें येथें असल्याची नोंद जुन्या गॅझेटिअरांत आहे. बंगल्यांतून साहेब व अँग्लो-इंडियन कुटुंबें राहत. पण चुलीपुढें उभा असे तो बहुधा गोमंतकीय आचारी, किंवा आपल्याच मराठी मंडळींतील एखादी बाई. गोमंतकीय आचाऱ्यांचा लौकिक त्या काळीं मुंबईच्या क्लबांपासून आगबोटींपर्यंत पसरला होता. अंडीं फेंटणें, दूध आटविणें, भांडें बर्फांत पुरून रात्रीं उठून पाहणें, हें सर्व काम त्यांचें. पंगतींत वाढलें गेल्यावर कौतुक मात्र बाईसाहेबांचें होई. वर उल्लेखिलेल्या आजींच्या सासूबाई अशाच एका बंगल्यांत कामास होत्या. त्यांनीं ती विद्या कागदावर न लिहितां हातांत आणली व सुनेच्या हातांत दिली. साहेब गेले, बंगल्याचीं कौलें गेलीं, वाडगा राहिला.

आतां त्या थंडाव्याचा पुढला भाग ऐका. लोणावळें, वळवण व शिरवतें येथील तलावांचें पाणी नळांतून घाटाखालीं सोडून खोपोली येथें टाटा कंपनीनें वीज निर्माण केली व १९१५ सालापासून ती मुंबईच्या गिरण्यांस मिळूं लागली. पुढें मुळशीच्या धरणाचा प्रसंग आला. आपल्या भातखाचरांवर पाणी येणार हें पाहून मावळे शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट त्यांत अग्रभागीं होते. धरण झालें, जमिनी बुडाल्या. त्यानंतर थोड्याच वर्षांत घाटांतली आगगाडी विजेवर चालूं लागली आणि १ जून १९३० रोजीं दख्खनची राणी सुरू झाली. तिच्यांत भोजनाचा डबा अजून आहे. १९५८ सालीं गोदरेज कंपनीनें शीतकपाट देशांत तयार केलें, आणि हळूहळू तें आपल्याही घरांत आलें. मावळचें पाणी खालीं गेलें आणि थंडावा वर आला. ज्यांच्या शेतांचें तळें झालें, त्यांच्या वांट्यास मात्र हा थंडावा फार उशिरां आला. आज आपण शीतकपाटाचें दार सहज उघडतों, तेव्हां एवढें स्मरण असावें.

वीजही नित्य भरंवशाची नसते. आम्ही ह्या धर्मग्रामांत आलों त्या पहिल्या वर्षीं सणाच्या आदल्या रात्रीं वादळी पावसानें वीज गेली व सकाळीं पाहतों तों जेलीचें सरबत झालेलें. आम्ही हताश झालों. तेव्हां ह्याच आजी म्हणाल्या, "फादर, चायना ग्रास घाला. त्याला वीज लागत नाहीं." त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें आहे. डब्यांतील जेली जिलेटिनची, म्हणजे जनावरांच्या हाडांची व कातड्याची असते. ती उन्हाळ्याच्या हवेंत वितळते. चायना ग्रास हें समुद्रांतील शेवाळापासून करितात. जपानांत तें सतराव्या शतकापासून चालत आलें आहे. तें उकळून ठेविलें कीं ४० अंशांच्या खालीं आपोआप जमतें, आणि एकदां जमलें म्हणजे सुमारें ८५ अंशांपर्यंत वितळत नाहीं. लोणावळ्याच्या पावसाळी हवेंत तर त्यास थंड पाण्याची परातही पुरे होते.

कस्टर्डचीही अशीच कथा आहे. मूळ कस्टर्ड अंड्याचें. बर्मिंगहॅम येथील अल्फ्रेड बर्ड ह्या औषधविक्रेत्याच्या पत्नीस अंडें सोसत नसे. म्हणून त्यानें १८३७ सालीं मक्याच्या पिठाची भुकटी योजून अंड्यावांचून कस्टर्ड केलें. पत्नीच्या पथ्यासाठीं केलेली ही सोय जगभर गेली. आपल्या पुण्यांतही वेकफील्ड ही कंपनी १९५६ सालीं निघाली व कस्टर्डची भुकटी घरोघर पोंचली. केकच्या जागीं साधें मारी बिस्किट आलें. तें लंडनमधील पीक फ्रीन कंपनीनें १८७४ सालीं एका राजकन्येच्या विवाहानिमित्त काढलें होतें. आज तें चहाच्या टपरीवर मिळतें. गोव्यांत ह्याच बिस्किटांचा चुरा व साय ह्यांचे थर देऊन सेर्रादुरा करितात. ह्या पोर्तुगीज नांवाचा अर्थ लांकडाचा भुसा असा आहे.

ह्या सर्वांचा परिणाम काय झाला तो पाहा. मद्य गेलें, अंडें गेलें, हाडांची जेली गेली. हें कोणी ठराव करून केलें नाहीं. आपल्या बायकांनीं शेजार पाहून केलें. आपला पंधरा ऑगस्टचा स्वर्गोन्नयनाचा सण बहुतेक वर्षीं श्रावणांत येतो. शेजारीं माळकरी वारकरी कुटुंब राहतें. त्यांच्याकडे अंड्याचा पदार्थ धाडतां येत नाहीं, आणि सणाच्या दिवशीं शेजाऱ्यास वगळूनही चालत नाहीं. म्हणून थर एकेक करून बदलले. ज्या पक्वान्नापाशीं एकेकाळीं आपलेच लोक बाहेर उभे होते, त्याची वाटी आज भिंतीपलीकडे जाते व रिकामी परत येत नाहीं. तींतून पुरणपोळी येते.

आजींनीं सांगितलेली कृति येथें देतों. दहा ग्रॅम चायना ग्रास पाण्यांत भिजवून अर्धा लिटर पाण्यांत पूर्ण विरघळेपर्यंत उकळावें व त्यांत अर्धा लिटर गोड सरबत कोमट करून मिसळावें. आंबट रस चायना ग्रासाबरोबर उकळूं नये, जेली सैल राहते. भांड्याच्या तळाशीं रसांत बुडविलेलीं बिस्किटें घालून त्यांवर ती ओतावी. जेली जमल्यावर एक लिटर दुधाचें कस्टर्ड निववून घालावें, मग केळीं, चिकू, अननस व शेवटीं साय. कच्चा अननस जिलेटिनला जमूं देत नाहीं. चायना ग्रासास त्याची बाधा नाहीं. वरून लोणावळ्याची चिक्की कुटून भुरभुरावी. पण ती वाढतेवेळीं, नाहीं तर मऊ पडते.

पुढल्या सभेंत आम्हीं ही हकीकत वाचून दाखविली. त्या तरुण सभासदांनीं ती शांतपणें ऐकली आणि म्हणाले, "फादर, पुडिंग राहूं द्या. पण आमच्या पणजोबांचा कंदील विसरला जाऊं नये, आणि आजींच्या सासूबाईंचें नांवही कोठें तरी लिहिलें जावें." आम्हांस ह्यापेक्षां न्याय्य निर्णय सुचला नसता. म्हणून ह्या स्मरणिकेचें शेवटलें पान कोरें ठेविलें आहे. आपल्या घरांत ज्यांनीं परक्यांसाठीं रांधलें, घाटांत काम केलें किंवा धरणांत शेत गमावलें, त्यांचीं नांवें त्यावर स्वहस्तें लिहावीं व प्रत घरीं जपून ठेवावी. आजींच्या सासूबाईंचें नांव त्यांच्या प्रतींत त्यांच्या नातीनें लिहिलें आहे. मेजवानीच्या दिवशीं वाडगा मध्यभागीं असेल. वाढण्याचें काम त्या तरुण सभासदांनीं आपण होऊन मागून घेतलें आहे.